कच्च्या अर्जातली चौदा पोती

आधीच सांगून टाकतो, फायरवॉल मी बंद केली होती. मैत्रेयीनं नाही, मी. दारव्ह्यात अजून कोणी म्हणत असेल की आमच्या सुनेनं एका गरीब बाईचा अर्ज फोडला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. माझं नाव देवराव. तहसील कचेरीत बत्तीस वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. वय एकाहत्तर, कान शाबूत आहेत आणि राग लवकर येतो. सरकारी कागद लिहिण्यात जन्म गेला म्हणून कागदावर मी जरा सरळ बोलतो. चिडलो की वऱ्हाडी सुटते, तेवढं चालवून घ्या.

मैत्रेयीचं माहेर केळापूरचं. माझा मुलगा रवी ट्रकवर असतो, महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर. लग्नाला वर्ष झालं नसेल तेव्हा ती मला म्हणाली, "मामाजी, मी तहसीलासमोर अर्ज लिहाले बसीन म्हणते." आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजीच म्हणते. तिथं कडुलिंबाखाली अर्ज लिहिणाऱ्यांची सात टेबलं होती, सातही पुरुषांची. मी म्हटलं, "बाईमाणसाचं थे काम नोहे."

"काहून? अर्ज घेऊन येणाऱ्यात निम्म्या बायाच असतात ना. त्याईले उभं राहाची लाज नाही, तं मले बसाची काहून?"

त्यावर मी नुसता ओरडलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं घडीचं टेबल डोक्यावर घेतलं आणि निघाली. खुर्ची घरीच राहिली होती. ती पोचवायला म्हणून मी मागून गेलो आणि तिथंच बसलो, कारण तिला टायपिंग यायचं, पण कोणता अर्ज कोणत्या नियमाखाली जातो ते यायचं नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली.

माणूस जे सांगेल तेच ती लिहिते, तिखटमीठ लावत नाही. खोटं लिहून मागणाऱ्याला शेजारचं टेबल दाखवते. आणि ऐकलेलं पोटात ठेवते. कडुलिंबाखाली चारचौघांत जे सांगता येत नाही ते सांगायला बाया संध्याकाळी आमच्या घरी येऊ लागल्या. नवऱ्यानं टाकलेली यायची, भावांनी वाटणीतून नाव खोडलेली यायची. मैत्रेयीला सांगितलेलं बाहेर जात नाही, एवढं एकच नाव तिनं कमावलं होतं. त्याच्यावरच आमचं टेबल चालायचं.

घरी संगणक दोन. मधल्या खोलीत तिचा, त्याला प्रिंटर जोडलेला. समोरच्या खोलीत माझा, जुना. ती कच्चा अर्ज टाइप करते, मी तोच माझ्या संगणकावर उघडून चुका काढतो. सारे अर्ज तिच्या संगणकात एका फोल्डरात असायचे, त्याचं नावही 'अर्ज'. मागच्या उन्हाळ्यात तिनं नवा संगणक घेतला आणि माझ्या खोलीतून ना तो फोल्डर उघडे ना प्रिंट निघे. दोन दिवस मी चरफडलो. तिसऱ्या दिवशी ती बाजारात गेलेली पाहून मी तिच्या संगणकापुढे बसलो. आत फायरवॉल नावाची राखण होती, ती मला अडवत होती. मी ती बंद केली. मग संगणकानं विचारलं, हे नेटवर्क घरचं आहे की सार्वजनिक? मी म्हटलं, बिल माझ्या नावावर येते, घरचंच आहे. 'घरचं' दाबलं. पासवर्ड माझ्या ध्यानात राहत नाही म्हणून फोल्डरचा पासवर्डही काढून टाकला. प्रिंट धडाधड सुटली. ती आल्यावर मी छाती पुढे काढून सांगितलं की मेकॅनिक लागला नाही, मीच केलं.

आता त्या 'घरात' कोण कोण होतं ते ऐका. आमच्या गल्लीत आठ घरं. दिवसा कोणी दार लावत नाही. लावलंच तर समोरची शकुबाई पाच मिनिटांत येऊन विचारते, कोण आजारी आहे? विरजण, शिडी, पाहुण्यांसाठी गाद्या, सारं या घरातून त्या घरात फिरतं. आमच्याकडे नेट आलं तेव्हा वायफायचा पासवर्डही तसाच फिरला. शकुबाई पुण्याच्या लेकीशी त्याच्यावर बोलायची, कोणी पिक्चर पाहायचं, कोणी फॉर्म भरायचं. नवा पाहुणा आला की मी ओट्यावरून मोठ्यानं पासवर्ड सांगायचो. मला त्यात मोठेपणा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आमच्यापासून दोन घरं सोडून प्रफुल्ल राहतो. आसपासच्या शाळांना खिचडीची डाळ, तेल, भाजीपाला पुरवतो. त्याचा लॅपटॉपही आमच्याच नेटवर चालायचा.

गेल्या दिवाळीनंतर एका सोमवारी संध्याकाळी तुळसाबाई आली. दारव्ह्यापासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या एका गावात ती शाळेची खिचडी शिजवते. गावाचं नाव मी लिहीत नाही. एकोणीस वर्षं झाली तिला, नवरा नाही, दुसरं काम नाही. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या खोलीतला तांदूळ गायब झाला होता आणि हेडमास्तर तिला म्हणत होता, आहे त्यात भागव.

"भागवू कशी?" ती म्हणाली. "पोट्ट्याईच्या ताटात खिचडी कमी अन् पानी जास्त. घरी जाऊन मायले सांगतात, तुळसाबुढी पोटभर देत नाही. म्हंजे मीच खाल्ला म्हना तांदूळ."

कोणी नेला, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "साऱ्याईनंच. समितीचा अध्यक्ष, मास्तर, थो सामान आननारा प्रफुल्ल. ज्याच्या हाती लागलं त्यानं नेलं."

मैत्रेयी लिहिता लिहिता थांबली. "मावशी, प्रफुल्ल आमच्याच गल्लीत राहते. तुमाले आधी सांगून ठेवते. पन इथून गोष्ट बाहेर जानार नाही, हा माहा शब्द."

तुळसाबाईनं बोटांवर मोजून चौदा पोती सांगितली. मैत्रेयीनं चौदा लिहिलं. जेवणाआधी मी कच्चा अर्ज माझ्या संगणकावर उघडला, एक नियम घातला आणि सवयीप्रमाणे माझ्याकडे एक प्रत ठेवली. मंगळवारी सकाळी तुळसाबाईचा फोन आला. "चौदा नोहेत वं. तीन पोते आधीच शिजवून रिकामे झाले होते, घडी करून कोपऱ्यात ठेवले होते, तेई मी धरले. अकराच लिव. खोटं नको." मैत्रेयीनं आकडा बदलला, प्रिंट काढली, दुपारी कडुलिंबाखाली तुळसाबाईनं सही केली आणि बुधवारी अर्ज पंचायत समितीत गेला. चौदा हा आकडा कागदावर कधी उतरलाच नाही.

शुक्रवारी तपासणी झाली. खोलीत तांदूळ पुरा. पुरा काय, वहीत होता त्यापेक्षा तीन पोती जास्त. तपासणाऱ्यानं शेरा मारला की तक्रारीत तथ्य नाही, तीन पोत्यांची नोंद राहून गेली असावी. चार दिवसांत शाळेच्या समितीनं तुळसाबाईच्या हातात कागद ठेवला: खोटी तक्रार करून शाळेची बदनामी केली, उद्यापासून कामावर येऊ नये. त्याच्यावर पंधरा दिवसांनी पंचायत समितीत सुनावणी लागली. तिथं तिचं म्हणणं खोटं ठरलं असतं तर एकोणीस वर्षांचं काम कायमचं गेलं असतं.

तो कागद आणि तपासणीच्या शेऱ्याची प्रत घेऊन ती कडुलिंबाखाली आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी हे तुले सोडून कोनाले सांगतलं नाही," ती म्हणाली. "माह्या लेकीले बी नाही." दोन्ही कागद टेबलावर टाकून ती निघून गेली.

सातही टेबलांनी ऐकलं. शेजारचा एक जण हसत म्हणाला, "बाईच्या पोटात काही राहते का?" मी त्याला जे म्हटलं ते इथं लिहिता येत नाही.

घरी आल्यावर मैत्रेयी रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला काय करावं कळेना, म्हणून मी तपासणीचा कागद घेऊन बसलो. तीन पोती जास्त, हे माझ्या डोक्यातून जाईना. सरकारी खोलीत माल कमी निघतो. बत्तीस वर्षांत जास्त निघालेला मी पाहिला नाही. गेली होती अकरा. कोणीतरी घाईघाईनं परत आणून ठेवली, पण अकरा आणि वर तीन. म्हणजे चौदा. ज्यानं त्यानं आपापलं नेलं होतं, एकूण किती गेलं हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी आकडा अर्जातून घेतला होता, आणि तोही कच्च्या अर्जातून.

मी हे बोलून दाखवलं तशी तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "कच्चा अर्ज तुमी अन् मी, दोघाईनंच पाहिला मामाजी. तुमी कोनाजवळ बोलले का?"

"मले इचारतेस?" माझा आवाज चढला. "बत्तीस वर्ष सरकारी कागद सांभाळले मी!"

"इचारते. तुमी बी मले इचारा."

मी विचारलं नाही. रागानं ओट्यावर जाऊन बसलो. तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला.

तिची धाकटी बहीण पायल पुसदला कॉलेजात संगणक शिकवते. रविवारी सकाळच्या एसटीनं ती आली. चहा घेतला, मैत्रेयीच्या संगणकापुढे बसली आणि दोन मिनिटांत मान वर करून म्हणाली, "फायरवॉल कोणी बंद केली?"

मी म्हटलं, "मी. प्रिंट निघत नव्हती."

ती उठली, समोर शकुबाईच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तिथून मला हाक मारली. तिच्या हातातल्या मोबाइलवर आमचा 'अर्ज' फोल्डर उघडा होता. नावांची यादी होती, एकेका नावाखाली त्या बाईचं, त्या माणसाचं सारं घर. पायलनं एक अर्ज उघडून मला दाखवला आणि लगेच मिटला. शकुबाई विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि मला तोंड वर करवेना.

पायलनं समजावून सांगितलं ते असं. नेटचा डबा बाहेरच्या जगाला अडवतो. पण ज्याला तुम्ही वायफायचा पासवर्ड दिला तो बाहेरचा राहत नाही, तो आतला होतो. आतल्या आत कोण कोणाच्या संगणकात शिरतो, ते प्रत्येक संगणकाची आपली फायरवॉल पाहते. ती मी बंद केली होती. वर हे घर आहे असं सांगितलं होतं, फोल्डरही उघडा ठेवला होता. मग संगणकानं आठही घरांना घरचं समजून मोकळं सोडलं. डब्यात पाहिलं तर एकोणीस यंत्रं जोडलेली होती आणि त्यांत प्रफुल्लच्या लॅपटॉपचं नाव होतं. पायल म्हणाली, "नाव आहे म्हणून त्यानंच उघडलं हे सिद्ध होत नाही." पण आम्हाला आता वेगळं सिद्ध करायचं नव्हतं. चौदाचा आकडा होता.

त्याच दिवशी तिनं फायरवॉल चालू केली. नेटवर्क सार्वजनिक करून टाकलं, म्हणजे संगणक आता शेजाऱ्यांना परकं समजतो, फोल्डर माझ्या संगणकाखेरीज सगळ्यांना बंद केला, प्रिंटरला माझ्या खोलीपर्यंत वायर लावली. मी आता माझ्या संगणकावरून पासवर्ड टाकूनच अर्ज पाहतो, आणि तो पासवर्ड वहीत लिहायचा नाही अशी मला ताकीद आहे. गल्लीसाठी त्याच डब्यातून वेगळं नेटवर्क काढलं. नेट सगळ्यांना मिळेल, पण आमच्या संगणकांपर्यंत कोणी पोचणार नाही.

मला वाटलं, संपलं. गुपचूप कुलूप लावलं, आता गप्प बसावं. मैत्रेयी म्हणाली, "नवा संगणक घेतल्यापासून फोल्डरात एकेचाळीस जनाईचे अर्ज होते. एकेचाळीस जनाईले सांगा लागते."

"येडी झाली काय? टेबल बसून जाईन आपलं."

"बसू द्या. त्याईचं उघडं पडलं अन् त्याईलेच माहीत नाही, हे मले जमत नाही. तुमी येत असान तं या, नाही तं मी एकटी जाते."

टेबल डोक्यावर घेऊन निघाली होती तेव्हाचाच तो आवाज होता. मी स्कूटर काढली. सहा दिवस आम्ही फिरलो. काहींनी हसून सोडून दिलं. एका म्हाताऱ्यानं आम्हालाच चहा पाजला. पण एक शिक्षिका होती, नवऱ्याच्या मारहाणीचा अर्ज होता तिचा. ती दारातच उभी राहून म्हणाली, "मी सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं." मैत्रेयी मान खाली घालून उभी राहिली नाही. तिच्याकडे पाहत म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. चूक आमची झाली." त्या बाईनं दार लावलं. पायऱ्या उतरताना मी प्रत्येक घरी सांगितलेलं परत मैत्रेयीला सांगितलं, की फायरवॉल मी बंद केली होती. ती म्हणाली, "माहीत आहे मामाजी, स्कूटर चालू करा." नऊ जणांनी आपले कागद परत नेले.

गल्लीतही कमी बोलणी बसली नाहीत. शकुबाईनं आधी तोंड फुगवलं. "आमी काय चोर हाओत का?" मैत्रेयी तिच्या घरात गेली, तिचा फोन नव्या नेटवर जोडून दिला आणि सारं समजावलं. तशी शकुबाई म्हणाली, "मंग माह्या फोनले बी अशीच राखण लावून दे." प्रफुल्ल मात्र संध्याकाळी आमच्या ओट्यासमोर चारजण गोळा करून उभा राहिला.

"वहिनी, गल्लीत भिंती घालून राह्यल्या म्हणे तुमी. आजवर असं झालं नोहतं."

"नेट तुले देऊन राह्यली ना? वापर. पन माह्या घरात पाहाचं नाही."

"मी कायले पाहू?"

"थे सुनावणीत सांग."

तो हसला आणि चौघांना घेऊन निघून गेला.

सुनावणी पंचायत समितीत होती. चौकशी अधिकारी भीमसिंग राठोड, तहसीलातल्या दिवसांपासून मला ओळखतात. एका बाजूला हेडमास्तर, अध्यक्ष आणि सामान पुरवणारा म्हणून प्रफुल्ल. दुसऱ्या बाजूला तुळसाबाई, आमच्यापासून दोन खुर्च्या सोडून, आमच्याकडे न पाहता. मैत्रेयीनं अर्ज लिहिणारी म्हणून बोलायची परवानगी मागितली आणि अकरा, तीन, चौदा सरळ मांडले. माझ्या संगणकातली सोमवारची प्रत दिली, तारीख-वेळेसकट.

"साहेब, चौदा हा आकडा दुसरीकडे कुठंच नव्हता. खोलीत तांदूळ ठेवणाऱ्यानं हा कच्चा अर्ज वाचला आहे."

राठोड साहेबांनी प्रफुल्लकडे पाहिलं. "अर्ज येण्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी, तुमचा टेम्पो शाळेत गेला होता असं गावातले दोघं सांगतात. काय होतं त्यात?"

प्रफुल्लनं अध्यक्षाकडे पाहिलं, अध्यक्षानं खिडकीकडे. मग प्रफुल्ल म्हणाला, "साहेब, अर्ज मले याईच्या सुनेनंच दाखवला. शेजारी हाओत आमी. मी चोरून कायले पाहू?"

अर्ज पाहिला होता हे तो स्वतःच्या तोंडानं बोलून बसला होता. पण जाता जाता मैत्रेयीचं नाव त्यानं चिखलात ओढलं, आणि तुळसाबाईनं पहिल्यांदा आमच्याकडे वळून पाहिलं.

मैत्रेयीनं पिशवीतून एक कागद काढला. "मी दाखवला नाही. पण माझ्या संगणकात तो उघडा राहिला, हे खरं आहे. मी लिहून आणलं आहे." साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं, 'माझ्या निष्काळजीपणामुळे'. तिचा प्रत्येक कागद मी वाचतो. हा तिनं मला दाखवला नव्हता.

मी उभा राहिलो. "साहेब, हे खोटं आहे."

"देवरावजी, बसा तुम्ही."

"मी बसणार नाही. फायरवॉल म्या बंद केली. थे बाजारात गेलती. संगणकानं मले तीनदा इचारलं अन् म्या तीनदा हो म्हटलं, कारण मले कोनाले इचाराची लाज वाटत होती. बत्तीस वर्ष कचेरीत लोकाईच्या चुका काढल्या. ही माही आहे. तिच्या नावानं लिवू नका."

"मामाजी, संगणक माझा आहे," ती हळू म्हणाली.

"चूक माही आहे."

"शब्द मी दिला होता."

राठोड साहेबांनी माझं म्हणणं वेगळ्या कागदावर घेतलं आणि दोघांच्याही सह्या घेतल्या. तुळसाबाई आमच्या आधी उठून गेली.

पुढचे तीन आठवडे आमच्या टेबलावर माश्या बसल्या. मी घरी बसू म्हणालो. मैत्रेयी रोज टेबल लावायची आणि सरळ बसून राहायची. एका बुधवारी पंचायत समितीचा शिपाई एक बंद लिफाफा देऊन गेला. तुळसाबाईनं अर्जात पत्रव्यवहाराचा पत्ता आमचा दिला होता, म्हणून निकाल आमच्याकडे आला. माझे हात शिवशिवायला लागले.

"उघडून पाहू ना. अर्ज आपनच लिवला आहे."

"त्याच्यावर तुमचं नाव आहे का?"

"अवं, पन निकाल तं कळन."

"मावशी येईन तवा कळन."

दोन दिवस तो लिफाफा टेबलावर दगडाखाली होता. शुक्रवारी दुपारी शाळा सुटण्याच्या सुमारास तुळसाबाई आली. गावातल्या कोणीतरी तिला सांगितलं होतं की कागद आला आहे. तिनं लिफाफा उचलला, उलटा करून पाहिला, डिंकावरून बोट फिरवलं.

"उघडला नाही काहून?"

"तुमचा आहे मावशी."

तुळसाबाई स्टुलावर बसली. पाणी मागून प्याली. मग लिफाफा मैत्रेयीच्या हातात दिला. "फोड. वाच. मोठ्यानं वाच, या साऱ्याईले ऐकू दे."

मैत्रेयी उभी राहिली आणि वाचू लागली. सातही टेबलं थांबली. 'उपलब्ध कागदपत्रे व जबाब पाहता सदर तक्रार निराधार होती असे म्हणता येत नाही. सबब श्रीमती तुळसाबाई यांना कामावरून कमी करण्याचा ठराव रद्द करण्यात येत आहे. तांदळाच्या साठ्याबाबत फेरचौकशीचे आदेश देण्यात येत आहेत.' मी म्हटलं, "जिंकलो बाई. सोमवारपासून कामावर जा."

तुळसाबाई कपाळाला आठ्या घालून बसली होती. "थे समजलं मले. पन मी खरी बोलली, हे कुठी लिवलं त्याच्यात?"

"आता निराधार होती असं म्हणता येत नाही, म्हंजे खरीच होती," मी समजावलं. "सरकारी कागदात असंच लिवतात."

"खरी होती असं लिवाले त्याईचा हात दुखत होता काय?"

अशी वाक्यं मी स्वतः बत्तीस वर्षं लिहिली होती आणि मला हे कोणी विचारलं नव्हतं. मैत्रेयीनं एक कोरा कागद ओढला, पेनचं टोपण काढलं आणि तुळसाबाईकडे पाहिलं.

"सांगा मावशी."

तुळसाबाईनं स्टूल टेबलाजवळ सरकवलं. "साहेबाले लिव, का मी खरी बोलली होती. पहिले हेच लिव."